तिलिस्म, झंबील आणि 'स्किप'चे बटण

आपल्याकडे कथेची समीक्षा म्हटली की छापील कथेची समीक्षा एवढाच अर्थ घेतला जातो. कादंबरी, कथासंग्रह, फार तर नाटक-सिनेमा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कथेने आणखी एक घर केले आहे. आमचे विद्यार्थी त्या घराच्या दारापर्यंत रोज जातात, समीक्षक मात्र त्या गल्लीतही फिरकलेले नाहीत. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम हे ते घर. पालकसभेत या खेळांचा विषय निघतो तो डोळे, अभ्यास आणि रिचार्ज एवढ्यापुरता. तोही महत्त्वाचा आहे, पण तो आमचा आजचा विषय नव्हे. हे खेळ गोष्ट कशी सांगतात, गोष्ट चांगली असली तर माणूस त्यांत का रमतो, आणि आपल्या मुलांच्या वाट्याला त्यातली गोष्ट का येत नाही, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

ज्या वाचकांनी मोबाईलचा उपयोग फोन आणि व्हॉट्सअॅपपुरता ठेवला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. रोल-प्लेइंग म्हणजे भूमिका घेऊन खेळणे. आपल्या भागात यालाच 'सोंग घेणे' म्हणतात. बहुरूपी दारात आला की पोरे त्याच्यामागे का धावत याचे उत्तर या शब्दात आहे. संगणकातल्या एका कल्पित मुलखात तुम्ही एक पात्र घेऊन उतरता. कुणी योद्धा होतो, कुणी वैद्य, कुणी चोर. त्याच मुलखात दुसऱ्या गावचे, दुसऱ्या देशाचे हजारो लोक आपापले सोंग घेऊन त्याच वेळी वावरत असतात. तुम्ही झोपलात तरी तो मुलूख चालूच राहतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला तेव्हा संगणकाचा संबंध नव्हता. टेबलाभोवती चार मित्र बसत, एकजण गोष्ट सांगे आणि बाकीचे 'मी आता असे करतो' म्हणून तिच्यात शिरत. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी हीच कल्पना संगणकाच्या जाळ्यावर आणली, तीही चित्राविना, केवळ शब्दांत. म्हणजे या खेळाचा जन्म गोष्ट सांगणाऱ्याच्या बैठकीतला आहे. पुढे चित्रे आली, आवाज आले, आणि सांगणारा माणूस मात्र टेबलावरून उठून गेला. त्याच्या रिकाम्या जागी काय बसवायचे हा प्रश्न या खेळांना तेव्हापासून सुटलेला नाही.

आमच्या मते हा प्रश्न आपल्याला, म्हणजे ज्यांच्या घरात उर्दू आणि दखनी बोलली जाते त्यांना, इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. कारण दास्तान आपली आहे.

'दास्तान-ए-अमीर हमजा' हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असते. या दास्तानचा नायक हजरत हमजा (रजि.) यांचे नाव धारण करतो, पण इतिहासाशी त्याचा संबंध नावापुरताच, परी, देव, जादूगार आणि अय्यार यांच्या त्या दुनियेला कुणी सीरत समजून वाचू नये. अकबर बादशहाला ही दास्तान इतकी प्रिय होती की त्याने तिची सुमारे १४०० मोठी चित्रे काढून घेतली. चित्राच्या मागच्या बाजूला मजकूर लिहिलेला असे. समोर चित्र धरायचे आणि मागचा मजकूर वाचून सांगायचे अशी ती सोय होती. पुढे लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८३ पासून ही दास्तान छापायला घेतली आणि तिचे एकूण ४६ खंड निघाले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, उरलेले अहमद हुसेन कमर यांनी.

होशरुबा हा एक तिलिस्म आहे, म्हणजे जादूने बांधलेला मुलूख. त्याचे तीन भाग आहेत: जाहिर, बातिन आणि जुल्मात. उघडा प्रदेश, गुप्त प्रदेश आणि अंधाराचा प्रदेश. एकातून दुसऱ्यात जायला रक्ताची नदी ओलांडावी लागते. बादशहा अफरासियाब हा जादूगारांचा जादूगार आहे. हा तिलिस्म तलवारीने फुटत नाही. तो कुणाच्या हातून फुटणार हे आधीच ठरलेले असते, आणि त्यालाही 'लौह' मिळवावी लागते. लौह म्हणजे इथे लोखंड नव्हे, पाटी. तिच्यावर तिलिस्म तोडण्याची युक्ती लिहिलेली असते. आणि अमर अय्यारच्या खांद्याला झंबील आहे. दिसायला पिशवी, पण तिच्यात शहरे मावतात, नद्या मावतात, पकडलेले शत्रू मावतात, लुटलेला माल तर मावतोच. अमर पाहिजे ते रूप घेतो. म्हातारी होतो, गवय्या होतो, शत्रूच्याच दरबारात शत्रूचा सरदार होऊन बसतो.

आता कोणताही ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या मुलाला हा परिच्छेद वाचून दाखवा. टप्प्याटप्प्याने उघडणारा नकाशा, पुढच्या प्रदेशाच्या वेशीवर अडवणारा पहारेकरी, दार उघडण्यासाठी शोधून आणायची वस्तू, सगळे सामान पोटात घेणारी पिशवी, शेवटी बसलेला महाजादूगार. तो म्हणेल, हा कोणता गेम? इथे कुणी कुणाची नक्कल केली असे आम्हाला म्हणायचे नाही. 'आमच्या पूर्वजांनी हे आधीच शोधले होते' या थाटाची बढाई तर आम्हाला मुळीच मारायची नाही. तशी बढाई मारणारे आपल्या देशात आधीच पुष्कळ आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, ऐकणाऱ्याला गोष्टीच्या आत राहायला जागा द्यायची असेल तर गोष्टीची बांधणी अशीच होते, आणि दास्तानगोंना ही बांधणी हातखंडा होती.

त्यांना आणखी एक गोष्ट येत होती, ती म्हणजे दास्तान रोखणे. लखनौच्या दास्तानगोंविषयी सांगितले जाते की, आशिक-माशूक समोरासमोर आहेत, मध्ये एक पडदा आहे, तो आता उचलला जाणार, अशा जागी एखादा उस्ताद गोष्ट थांबवायचा. थांबवायचा म्हणजे गप्प बसायचा नाही. पडद्याचे वर्णन, कापडाचे, दिव्यांचे, पैंजणांचे, मनातल्या घालमेलीचे, असे करत दिवसच्या दिवस काढायचा आणि श्रोते रोज यायचे. पडदा उचलला जात नाही म्हणून कुणी उठून गेल्याचे सांगत नाहीत. हा विलंबच दास्तानचा आनंद होता, आणि तो केवळ जबानच्या जोरावर उभा होता.

ऑनलाइन गेममध्येही विलंब आहेच. तोच त्याचा धंदा आहे. अमुक पातळी गाठल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, मग तेच लांडगे पुन्हा मारा, तीच पाने पुन्हा वेचा. वेळ काढायचा नसेल तर पैसे भरा. दास्तानगो श्रोत्याला पडद्याबाहेर थांबवायचा तेव्हा त्या थांबण्यात काहीतरी द्यायचा. इथे थांबणेच विकायला ठेवलेले असते. गोष्ट चांगली की वाईट याची पहिली कसोटी आम्ही इथे लावतो. खेळणारा थांबला असताना त्याच्या हाती काय पडते?

या कसोटीवर उतरणारा खेळ म्हणून 'फायनल फँटसी १४' चे उदाहरण घेण्यासारखे आहे. हा जपानी खेळ ३० सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाला आणि साफ पडला. संथ, किचकट, रटाळ अशी त्याची गत होती. नाओकी योशिदा यांच्याकडे तो सोपवण्यात आला. त्यांनी जे केले ते कथेच्या दृष्टीने विलक्षण होते. पडलेला खेळ गुपचूप बंद करून नवा आणण्याऐवजी त्यांनी त्या पडण्याचीच गोष्ट केली. खेळातल्या आकाशात एक लाल चंद्र आठवड्यागणिक मोठा दिसू लागला. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो फुटला, आतून अग्निसर्प बाहेर पडला आणि सारा मुलूख खेळणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जळाला. सर्व्हर बंद. ऑगस्ट २०१३ मध्ये खेळ पुन्हा उघडला तेव्हा कथेत पाच वर्षे लोटलेली होती. गावातल्या लोकांना आठवत होते की त्या काळरात्री काही वीर आपल्यासाठी लढले, पण त्यांचे चेहरे कुणालाच आठवत नव्हते. जे जुने खेळाडू परत आले तेच ते वीर होते. आपणच वाचवलेल्या लोकांत आपण अनोळखी होऊन फिरतो आहोत, हा अनुभव कादंबरी देऊ शकत नाही. कादंबरीचा वाचक त्या रात्री तिथे नसतो.

पुढे २०१९ साली या खेळाचा 'शॅडोब्रिंगर्स' नावाचा भाग आला. त्याच्या प्रमुख लेखिका नात्सुको इशिकावा. उजेड म्हणजे चांगला आणि अंधार म्हणजे वाईट, हा जगभरच्या अद्भुतकथांचा ठरलेला हिशेब. इशिकावा यांनी तो उलटा केला. या भागातल्या दुनियेवर उजेडाचे संकट आहे. रात्र नाहीशी झाली आहे आणि लोक अंधाराची दुवा मागताहेत. खलनायक आहे तो आपल्या नष्ट झालेल्या लोकांसाठी झगडतो आहे. त्याला परत आणायचे आहे ते त्याचे शहर, त्याची माणसे. त्यासाठी तो जे करतो ते भयंकर आहे, पण शेवटी त्याची मागणी एवढीच उरते की आपली माणसे होऊन गेली हे कुणीतरी लक्षात ठेवावे. अफरासियाबला जाह यांनी दिलेला रुबाब आम्हाला प्रिय आहे, पण अफरासियाबच्या मनात काय चालले आहे हे जाह आपल्याला फारसे सांगत नाहीत. इथे जपानी लेखिका लखनौच्या उस्तादाच्या पुढे गेली, हे आम्ही खुल्या मनाने मान्य करतो.

याचा अर्थ कथेवर खर्च केला की खेळ चालतो असा कुणी घेऊ नये. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' हा खेळ डिसेंबर २०११ मध्ये आला तेव्हा त्याच्याइतका कथेवर खर्च कुणी केलेला नव्हता. आठ प्रकारची पात्रे, आठही पात्रांना स्वतंत्र कथानक, प्रत्येक संवाद नटांच्या आवाजात, असे दोन लाखांहून अधिक संवाद. पहिल्या तीन दिवसांत दहा लाख लोक आले. वर्ष व्हायच्या आत, नोव्हेंबर २०१२ मध्ये, तो फुकट खेळायला खुला करावा लागला. एकेका पात्राचे कथानक वाईट नव्हते, काही तर उत्तम होते. दोष बांधणीत होता. प्रत्येक खेळाडूला 'तूच तो निवडलेला वीर' म्हणून सांगितले जाई, आणि बाजूला उभ्या असलेल्या शंभर जणांनाही तेच. ते कथानक संपले की त्या मुलखात राहण्याचे कारण संपले. लोक गोष्ट ऐकून घरी गेले. दास्तानमध्येही तिलिस्म फोडणारा एकटा शहजादा असद आहे, पण त्याच्याभोवती अय्यार आहेत, फितूर झालेल्या जादूगारणी आहेत, लष्कर आहे, आणि प्रत्येकाला आपापला दिवस मिळतो. कित्येक पाने असद कैदेत असतो, तरी दास्तान चालत राहते. अनेकांनी मिळून खेळायच्या गोष्टीला ही बांधणी लागते.

कधी कधी लेखकाने न लिहिलेली गोष्टच लोकांच्या लक्षात राहते, हेही खरे. ऑगस्ट १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन'ची चाचणी चालू असताना खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतः राजाचे सोंग घेऊन प्रजेसमोर उभा होता. राजा मरू शकत नाही असे सर्वांनी गृहीत धरलेले. गर्दीतल्या एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला. आज त्या खेळातली लिहिलेली कथानके फार थोड्यांना आठवतात, हा प्रसंग सगळे सांगतात. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एका राक्षसाचा शाप चुकून शहरांत पसरला, साथीसारखा. लोक पळाले, काहींनी जाणूनबुजून पसरवला, काही वैद्य होऊन चौकात उभे राहिले. साथरोगांच्या अभ्यासकांनी त्यावर पुढे लेख लिहिले. कोरोनाचे दिवस पाहिलेल्या आपल्याला त्यातले काही नवीन वाटू नये. पण अशा प्रसंगांवरून 'लेखक नकोच, लोकच गोष्ट घडवतील' असा निष्कर्ष काढणारे आम्हाला पटत नाहीत. राजा मेल्याची गोष्ट झाली, कारण आधी कुणीतरी राजा रचला होता.

आता आपल्या दारात येऊ. आम्ही कोल्हापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातली मुले जे खेळतात ते रोल-प्लेइंग नव्हे. ते बीजीएमआय आणि फ्री फायर. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी उरतो तो जिंकतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली तेव्हा मुलांत सुतकी वातावरण होते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, जुलै २०२२ मध्ये दुकानातून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. या येण्याजाण्याच्या तारखा मुलांना पानिपतच्या लढायांपेक्षा चोख पाठ आहेत. (२०२५ च्या ऑगस्टमधल्या केंद्रीय कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे खेळ, हे नव्हेत. पालक दोन्हींची गल्लत करतात.)

कथा असलेले खेळ मुलांना माहीत नाहीत असे नाही. नववीतल्या दोघा-तिघांनी 'गेन्शिन इम्पॅक्ट' मोबाईलवर घेतला होता. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला हा चिनी खेळ दर सहा आठवड्यांच्या आसपास गोष्टीचा नवा तुकडा आणतो, अगदी बैठकीतल्या दास्तानसारखा. आम्ही मोठ्या उत्सुकतेने त्या मुलांना विचारले की त्याची गोष्ट काय आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकजण म्हणाला, "वो कौन पढते बैठता सर? स्किप मारते."

मग त्याने आम्हाला करून दाखवले. एक म्हातारी काहीतरी सांगायला लागली, खाली इंग्रजी ओळी धावू लागल्या, त्याने सवयीने अंगठा मारत त्या संपवल्या आणि नकाशावरच्या खुणेकडे पळत सुटला. तिथे काय करायचे? मारायचे. का मारायचे? त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसल्याने त्याचे काही अडतही नव्हते.

आम्ही त्या मुलाला दोष देणार नाही. तो घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दूत शिकतो, गल्लीत आणि बाजारात मराठी बोलतो. तीन भाषा सांभाळणाऱ्या या मुलाला आळशी कोण म्हणेल? खेळ बोलतो चौथ्या भाषेत, आणि तीही पुस्तकी, जडजंबाल. याच खेळात ऑगस्ट २०२२ मध्ये 'सुमेरू' नावाचा प्रदेश आला. नाव संस्कृत, बाजार आणि वाळवंट इराण-अरबस्तानच्या धाटणीचे, पात्रांची नावे फारसी-अरबी-हिंदुस्थानी मिसळीची. म्हणजे सामान सगळे आपल्याच वाड्यातले उचललेले. हा खेळ इंडोनेशियन, तुर्की, व्हिएतनामी, थाई भाषांत वाचता येतो. हिंदीत नाही, उर्दूत नाही, मराठीत तर नाहीच. ज्यांच्या गोष्टींच्या कापडाचे कपडे शिवले त्यांनाच दुकानात मज्जाव, असा हा प्रकार आहे.

समीक्षक या नात्याने आम्हाला इथे एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. आपली मुले मारामारीचेच खेळ खेळतात, त्यांना कथेची आवड उरली नाही, अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत रोज होते. ती उलटी आहे. इशिकावांची गोष्ट मुलाने नाकारलेली नाही, ती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. कोणत्याही कथाप्रधान खेळातून कथा वजा केली की मारामारीच उरते. मग ती मारामारी ज्या खेळात अधिक झटपट आणि अधिक चोख आहे, तो बीजीएमआय मुलाने निवडला, तर त्याने रसिकतेचाच कौल दिला म्हणायचा.

मग आपल्या लोकांनी केलेल्या खेळांत तरी गोष्ट पोहोचते का? महाराष्ट्रात याचे केंद्र पुणे आहे. तिथल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याचे नामांकन झाले. तो ऑनलाइन नाही, एकट्याने खेळायचा आहे, तरी कथनाचा विचार करताना त्याला टाळून पुढे जाता येत नाही. राखीपौर्णिमेच्या जत्रेत राक्षस हल्ला करतात, राजीच्या लहान भावाला, गोलूला, पळवतात. बहीण त्याच्या शोधात निघते. गोष्ट कोण सांगते? दुर्गा आणि विष्णू, वरून पाहत, आपापसांत बोलत, कधी एकमेकांचे न पटत. निवेदकांची ही जोडी हा त्या खेळातला सर्वांत देखणा भाग आहे. भिंतींवरची चित्रे थांबून पाहिली तर मागची कथा उलगडते. न पाहता पुढे गेलात तरी चालते. म्हणजे इथे थांबणाऱ्याच्या हाती काहीतरी पडते. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत. कोल्हापूरकराला ते पाहून घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण व्हावी. तिथल्या ठाकर मंडळींनी चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्पिढ्या जपल्या, आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली.

दोष सांगायचे तर, राजीपेक्षा देवच अधिक बोलतात; पोरीच्या मनात काय चालले आहे ते आपण तर्काने समजायचे. शेवट तर चक्क तुटल्यासारखा आहे. दास्तान रोखणे आणि दास्तान तोडणे यांत फरक आहे. आणि ही पुण्यात घडलेली राजी प्रथम इंग्रजीत बोलली. हिंदी आवाज तिला नंतरच्या सुधारित आवृत्तीत मिळाला. मराठी अजून मिळालेला नाही.

दुसरा खेळ 'सुपरगेमिंग' या पुण्याच्याच कंपनीचा 'इंडस', ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला. हा ऑनलाइन आहे, बीजीएमआयच्या जातकुळीचा. कर्त्यांनी त्याच्यामागे मोठी कथा उभी केली: लुप्त झालेली एक संस्कृती, 'विरलोक' हे बेट, तिथे सापडणारे 'कॉस्मियम' नावाचे मौल्यवान द्रव्य, ते आणायला पाठवलेले 'मिथवॉकर'. त्यांतल्या एकाचे नाव आहे सर-ताज. नाव कानाला गोड लागते. पण हा सर-ताज कोण, कुठला, त्याचे कुणाशी वैर, हे मैदानात उतरलेल्या मुलाला कळायला वाव नाही. कथा जाहिरातीच्या चित्रफितीत आणि पोशाखांच्या वर्णनात राहिली. बेटावर मात्र तेच जुने: शोधा, मारा, उरा.

एक जागा मात्र आम्हाला फार आवडली. डावाच्या अखेरीस कॉस्मियम प्रकट होते, आणि ते ताब्यात घेऊन राखणारा, सगळे शत्रू न मारताही, डाव जिंकू शकतो. म्हणजे कथेतली वस्तू खेळाच्या नियमात उतरली. ही लौहच झाली! जिथे 'का मारायचे' या प्रश्नाला गोष्ट उत्तर देते, किंबहुना 'न मारताही जिंकता येते' असे सांगते, ती जागा. ती ओळी वाचून कळावी लागत नाही, त्यामुळे तिथे स्किपचे बटणही चालत नाही. भाषेची अडचण असलेल्या मुलाकडे गोष्ट न्यायची तर हा एक रस्ता आहे. पुण्याच्या मंडळींना तो सापडला आहे, पण त्यांनी त्यावर एकच पाऊल टाकले.

दुसरा रस्ता अर्थात भाषेचाच. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतल्या, विष्णुशास्त्र्यांनी त्या पुढे नेल्या, आणि मराठी घराघरांत त्या वाचल्या गेल्या. हातिमताई मराठी झाला. होशरुबा मात्र मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला नाही. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. शम्सुर्रहमान फारुकी यांच्या प्रेरणेने २००५ साली दिल्लीत दास्तानगोई पुन्हा उभी राहिली, तीही उर्दू-हिंदीच्या मैफलींत. आमच्या विजापूरच्या नुसरतीने १६५७ मध्ये दखनीत 'गुलशन-ए-इश्क' रचले. त्यातल्या शहजादा मनोहरच्या भ्रमंतीत परी, राक्षस, जंगल, समुद्र सगळे आहे. कोल्हापूरहून विजापूर फार लांब नाही. पण नुसरती आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत आला तर परीक्षेच्या टिपेपुरता येतो, आणि मराठी साहित्याच्या चर्चेत तेवढाही येत नाही. मुस्लिम मराठी लेखकांनी आजवर वास्तवाचे, वेदनेचे, प्रश्नांचे साहित्य लिहिले, ते लिहिणे गरजेचेच होते. अद्भुताकडे मात्र आपण पाठ फिरवली, जणू ते गंभीर माणसाचे कामच नव्हे. उद्या पुण्यातल्या एखाद्या कंपनीला तिलिस्म हवा असेल तर ती इंग्रजी भाषांतर उघडेल, कारण मराठीत तिला देण्यासारखे आपण काही तयार ठेवलेले नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या वर्गात 'बाग-ओ-बहार'चा एक उतारा वाचल्यावर होशरुबाची रचना फळ्यावर काढून दाखवली, जाहिर-बातिन-जुल्मातसकट, आणि मुलांना सांगितले की, आपल्या भागातली एक जागा घ्या आणि तिचा तिलिस्म लिहा. बहुतेकांनी पन्हाळ्याची अंधार बाव घेतली. सहलीला सर्वांनी पाहिलेली. आदिलशाहीतली, तीन मजली, खाली पाणी, मध्ये राहण्याची जागा, बाहेर पडायला चोरवाट. तिघांनी पाणी रक्ताचे केले. एकाने बावेच्या तळाला शंभर माणसे उतरवली आणि शेवटचा उरेपर्यंत लढवली, त्याच्या खेळाप्रमाणे. 'स्किप मारते' म्हणणाऱ्या मुलाने साडेचार पाने लिहिली. त्याच्या गोष्टीत मधल्या मजल्यावर एक म्हातारी बसलेली आहे. ती एकदाच बोलते, आणि तिचे न ऐकता जो खाली जातो त्याला वर येण्याची वाट सापडत नाही. निवेदन त्याने शाळेतल्या उर्दूत लिहिले होते. म्हातारी मात्र दखनीत बोलत होती, आणि बावेवरचा पहारेकरी मराठीत.